सव्वा मूठ गहू

हल्ली मोबाइलवर माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली मला ज्यूदोच्या कुस्त्या दाखवतात. सत्तर किलो गट, म्हणजे मिडलवेट. कुठल्या कुठल्या देशांच्या बायका, एकीच्या मानेत दुसरीचा हात, आणि दोघींच्या चेहऱ्यावर तोच कंटाळा. मुलींना वाटतं तो आवेश आहे. मी सांगते, तो उपाशी माणसाचा चेहरा आहे, चार दिवस धड न जेवलेल्या बाईचा. आमच्या वेळी हा गट सहासष्ट किलोचा होता. चार किलो कमी. त्या चार किलोंवर माझं आयुष्य अडलं असं कुणी म्हणेल, पण ते खरं नाही. माझं फक्त शंभर ग्रॅमवर अडलं. ते कुठून आले याचा विचार मी इतकी वर्षं करत आले आहे, आणि आता त्याचाही थकवा आला आहे, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आमचं घर एरंडोलला, पिठाच्या गिरणीच्या मागे. पुढे गिरणी, मध्ये एक दार, मागे आम्ही. सकाळी वडील, आमचे आबा, पट्टा चढवायचे आणि घरातली ताटं फळीवर थरथरायला लागायची. ती थरथरली नाहीत तर आम्हाला वाटायचं लाइट गेली. सगळ्या वस्तूंवर पिठाचा हात फिरलेला असायचा, देवांवरसुद्धा. माय म्हणायची, आपल्या घरात देव पण म्हातारे दिसतात. तिच्या हाताची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि हिवाळ्यात काडीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, एवढं खाऊन मी वाढले आणि जरा जास्तच वाढले. मॅट्रिकला होते तेव्हाच पन्नास किलोचं पोतं उचलून जात्याच्या तोंडाशी नेत असे. दळणाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एक जण तर मायला सरळ म्हणाली होती की तुझी बाई आहे का बाप्या.  त्या दिवशी मायने तिचं दळण तेवढं शेवटी लावलं.

ज्यूदो मला जळगावला कॉलेजात भेटला. खेळाचे सर तो नवीनच शिकून आले होते आणि त्यांना वजनदार मुली हव्या होत्या. तशी मागणी मला त्याआधी कुणी घातली नव्हती. मॅट कसल्या, जिनिंगमधून आणलेल्या रद्दी कापसाच्या गाद्या आणि त्यावर ताणलेली ताडपत्री. आपटलं की फटींतून तंतू उडायचे आणि संध्याकाळी नाक शिंकरलं की कापूस निघायचा. मला ते फार आवडलं. समोरच्याची कॉलर आणि बाही धरायची, तो ढकलतो तेव्हा ओढायचं, ओढतो तेव्हा जायचं, आणि त्याचा तोल गेला की आपलं काम झालं. पाठीवर स्वच्छ आपटला तर तिथेच डाव संपतो, त्याला इप्पॉन म्हणतात. पोतं उचलताना पोतं काही विरोध करत नाही. माणूस करतो, ही त्यातली मजा होती.

रजिया धुळ्याची. तिचे वडील रजया शिवायचे, आणि तिच्या गाद्या आमच्यापेक्षा चांगल्या होत्या याचं कारण ते. आम्ही एकाच वजनात. आठ वेळा लढलो असू, सहा वेळा मी जिंकले. हे मी बढाईसाठी सांगत नाही, पुढचं समजावं म्हणून सांगते. त्या वर्षी राज्याची चाचणी धुळ्याला ठरली. प्रत्येक गटात एकच मुलगी तिथून राष्ट्रीय शिबिराला जाणार होती आणि शिबिरातून परदेशी जाणारा संघ निवडणार होते. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की इंदू, सहासष्टमध्ये तुला अडवणारं कुणी नाही, फक्त तू सहासष्टमध्ये राहा. तेव्हा मी साडेअडुसष्ट होते. महिना होता.

त्या महिन्यातच श्रावण लागला, हे आमचं नशीब. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, साडी, दागिने, रात्रभर बायकांची गाणी, आणि सोमवारी सकाळी नदीवर निरोप. खानदेशाबाहेरच्यांना समजावं म्हणून रोटाचं सांगते. घरात जितके पुरुष, पाळण्यातलं पोरसुद्धा धरून, तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू घरच्या कर्त्याने मोजायचा. त्या गव्हाच्या पिठाचे रोट. ते रोट फक्त घरच्यांनी, एका कुळाच्या माणसांनी खायचे. शेजारी द्यायचे नाहीत, गाईलाही टाकायचे नाहीत. आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. ज्याच्या नावाची मूठ, त्याने त्यातला घास घ्यायचाच, अशी आमच्या घरची रीत. मुलींची मूठ निघत नाही. मुलगी आज ना उद्या दुसऱ्या कुळात जाणार, तिला मोजून काय करायचं.

त्या शनिवारी आबा सुपापुढे बसले. त्यांनी स्वतःची मूठ टाकली, मग भाऊची. भाऊ माझा थोरला, तेव्हा नाशिकला कंपनीत लागला होता आणि त्याला सुटी नव्हती, तरी त्याची मूठ निघाली. मी खांबाला टेकून बसले होते, सकाळपासून एक काकडी खाल्लेली. आबा उठायला लागले तशी माय म्हणाली, "तिनी बी मूठ घ्या."

आबांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "आंडेरनी मूठ नही ऱ्हास."

"घरनं नाव लिसन जाई राहिनी ना ती परदेशमा? मंग घरमा मोजा तिले."

मी अजून खानदेशाच्या बाहेर पडले नव्हते, पण मायने मला विमानात बसवून दिलं होतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुपाकडे. ते वाद घालणारे नव्हते. त्यांनी मूठ भरली, वर पाव मूठ सोडली, आणि तोंडातल्या तोंडात माझं नाव घेतलं. मला त्या क्षणी काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. जिंकलेल्या सहा कुस्त्या एकीकडे आणि ती मूठ एकीकडे. रडू येत होतं, आणि पोटात भूक इतकी होती की रडायलाही जोर नव्हता.

मग सुरू झाली ओढाताण. घरात तीन माणसं आणि रोट दहा जणांना पुरतील एवढे, कारण मोजलेल्या मुठींवर मायने आणखी गहू ओतला होता, तिचा हात कधी मोजका नव्हताच. आबा सकाळ-संध्याकाळ दुधात कुस्करून खात होते. माय गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीशी खात होती. मी पाणी मोजून पीत होते आणि शेतातून गावाबाहेरच्या रस्त्याला दोन स्वेटर घालून पळत होते. श्रावणात ऊन नसतं पण दमट इतकं असतं की स्वेटर पिळावा लागे. पळून आले की गिरणीतल्या काट्यावर उभी राहायचे. लोखंडी फलाटाचा काटा, ज्यावर दळणाची पोती चढतात तो. त्याच्या दांडीवरचं वजन मी रोज बोटाने मागे सरकवत होते. सदुसष्ट. साडेसहासष्ट. रोज ताटातला रोट झाकून ठेवलेला असायचा आणि रोज मी झाकण न उघडता उठायचे.  माय झाकण उचलून पाहायची आणि परत ठेवायची. त्या झाकणाच्या आवाजाने मला जास्त थकवलं.

चाचणी शुक्रवारी सकाळी होती, पौर्णिमा शनिवारी. गुरुवारी दुपारी मी काट्यावर चढले तर पासष्ट आठशे. दोनशे ग्रॅम हातात, आणि रात्रीतून अंग आणखी पाव-अर्धा किलो उतरतं हे आम्हाला अनुभवाने पाठ. संध्याकाळच्या एसटीने धुळ्याला निघायचं होतं, मुक्काम रजियाकडेच. पिशवी भरून झाली तेव्हा माय ताट घेऊन समोर बसली. रोट आता चामड्यासारखे झाले होते, तिने ते दुधात भिजवून मऊ केले होते.

"खाई ले बाई," ती म्हणाली. "तुन्ही मूठ शे. दुसराले चालत नही."

मी मनात आकडे मांडले. काटा हो म्हणाला. दोन रोट खाल्ले, दूधही प्यायले. पाच दिवसांनी पोटात अन्न गेलं आणि डोळ्यांपुढचा धुरळा बसल्यासारखं झालं. माय माझ्याकडे बघत होती, तिने माझ्या ओठाला लागलेलं दूध पदराने पुसलं, आणि मी वीस वर्षांची घोडी, पुसू दिलं.

धुळ्याला रजियाच्या आईने आमच्यासाठी काही शिजवलं नव्हतं. तिला माहीत होतं, मुली वजनाच्या आधी जेवत नाहीत. आम्ही दोघी तिच्या वडिलांच्या कापसाच्या ढिगाशेजारी आडव्या झालो आणि उद्या एकमेकींना कुठे धरायचं ते न बोलता झोपलो.

वजन एका शाळेच्या वर्गात होतं, फळ्यापुढे काटा मांडलेला आणि दाराला चादर बांधलेली. आत दोन बाई, वही घेऊन. रजिया पासष्ट सहाशे. मी चढले. सहासष्ट चारशे. मी उतरले, पुन्हा चढले. सहासष्ट चारशे. बाई म्हणाल्या, एक तास आहे, उतरवता आलं तर बघ. मी बाहेर येऊन मैदानाला पळायला लागले. सरांनी आपलं जर्किन काढून माझ्या अंगावर टाकलं. रजियाने स्वतःचा ज्यूदोचा जाड कोट वरून चढवला आणि माझ्याबरोबर पळायला लागली. तिला काही गरज नव्हती. पळता पळता आम्ही थुंकत होतो, थुंकीलाही वजन असतं. तिसऱ्या चौथ्या फेरीनंतर तोंडात थुंकी उरली नाही. मैदानाच्या कडेला एक माणूस भजी तळत होता आणि प्रत्येक फेरीत त्याच्यासमोरून जावं लागत होतं, हे मला अजून आठवतं. पाऊण तासाने पुन्हा चादरीआड गेले, अंगावरचं सगळं काढलं. सहासष्ट शंभर.

दहा मिनिटं राहिली होती. मी वर्गाच्या भिंतीला टेकून बसले, उठवत नव्हतं. रजिया मागच्या गल्लीतल्या आपल्या घरून कात्री घेऊन आली, तिच्या वडिलांची, गाद्यांचं कापड कापायची, हातभर लांब. माझी वेणी कमरेखाली होती आणि घामाने भिजून दोरखंड झाली होती. ती शंभर ग्रॅम नक्की असेल, जास्तच असेल. रजियाने वेणी हातात धरली, मुळाशी, आणि विचारलं, "बोल इंदू, कापू का? टाइम नाही."

माझा हात आपोआप गेला आणि मी वेणी तिच्या मुठीतून सोडवून घेतली.

मी नाही म्हणाले नाही. रजियाने दोनदा विचारलं. मग ती कात्री मांडीवर ठेवून माझ्याशेजारी बसून राहिली. पुढच्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. ओले केस जड होते, तेवढ्याने भागलं असतं की नाही कुणास ठाऊक. वेळ नव्हता. खरं कारण लाजिरवाणं आहे. माझ्या त्या सगळ्या धिप्पाड अंगावर मी बाई असल्याची खूण म्हणून लोकांना दिसेल अशी ती एकच गोष्ट होती. रविवारी माय तिला तेल लावायची, अर्धा तास. मला परदेशी जायचं होतं, पण बोडकी होऊन नाही. शेवटी बाईंनी माझ्या नावापुढे रेघ ओढली. त्यांचा आवाज मऊ होता, त्यामुळे जास्त लागलं. रजिया दुपारी तीन कुस्त्या जिंकून शिबिराला गेली.

मी घरी पोचले तेव्हा गिरणी चालू होती. मायने माझा चेहरा पाहिला, पिशवी हातातून घेतली आणि पिशवी पोटाशी धरून तशीच उभी राहिली. मी म्हणाले की वजन जास्त भरलं. गिरणीच्या काट्यावर तर बरोबर होतं, एवढंच पुढे म्हणाले. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मन्हा रोटनी घात कया." बाकीचं तिने स्वतःशीच म्हटलं, की देवीला आंडेरची मूठ चालली नाही, रीत मोडायची नव्हती. मला तिला थांबवायला हवं होतं. पण मी इतकी दमले होते की भिंतीकडे तोंड करून झोपले.

काटा मात्र डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी गिरणीत गेले, आबांचं सरकारी शिक्क्याचं वीस किलोचं वजन उचललं आणि फलाटावर ठेवलं. दांडी साडेएकोणीसवर उभी राहिली. मी उतरवून पुन्हा ठेवलं. साडेएकोणीस. मागे वळले तर आबा दारात उभे होते, भुवयांवर पीठ. एवढा मोठा माणूस एवढासा झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"बायास्नं दयन जड भराले नको, म्हनीसन ठेवेल शे तो तसा," ते म्हणाले.

मग सावकाश सांगितलं. गिरणी घेतली तेव्हाच त्यांनी काट्याचा तोल अर्धा किलो हलका करून ठेवला होता. डोक्यावर दळण घेऊन दोन-दोन कोस येणाऱ्या बायका, त्यांचं ओझं कागदावर तरी हलकं भरावं, दळणाचे पैसे कमी पडावेत. इतक्या वर्षांत त्यांना स्वतःलाच त्याचा विसर पडला होता. मी रोज त्यांच्या डोळ्यांसमोर त्यावर चढत होते आणि त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. लोक काटा मारतात तो दुसऱ्याचं काढायला, आमच्या बापाने मारला तो द्यायला, आणि त्यात पोरगी गेली.  आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनी तेवढं एक मागितलं, "तुन्ही मायले सांगू नको." मी मान हलवली. वेणीचं मी त्यांनाही सांगितलं नाही. त्यांच्या काट्याआड माझी वेणी चांगली लपत होती.

पुढच्या श्रावणात माझी मूठ निघाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आबा गव्हात हात घालून थांबायचे, मायकडे बघायचे, ती दुसरीकडे बघायची.

रजिया संघात निवडली गेली, परदेशी गेली आणि पहिल्याच फेरीत पडली. परत आली तेव्हा मला भेटायला एरंडोलला आली, मुद्दाम. सांगत होती की समोरची पोलिसात नोकरीला असलेली, दोन पोरांची आई होती, बोटांना पांढऱ्या पट्ट्या. धरलं तर हात नव्हे, नांगराची मूठ. मॅट इतक्या मऊ की पडल्याचा आवाज झाला पण लागलं काही नाही. सव्वा मिनिट. मी तिला शंभर प्रश्न विचारले. पंच कुठे उभा होता, काटा कसला होता, वजनाआधी बायका काय करतात. ती म्हणाली, तिथेही थुंकत पळतात, अगदी आपल्यासारख्या. मग म्हणाली की इंदू, तू असतीस तर निदान तीन मिनिटं टिकली असतीस. मला वाटतं तिने ते प्रेमाने म्हटलं. मी ते तीस वर्षं सांभाळलं आहे आणि त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर मी दोनदा चाचणीला गेले, वजनात बसले आणि हरले. एकदा तर रजियाकडूनच. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणायचीही सोय राहिली नाही.

पुढे मी शाळेत खेळाची शिक्षिका झाले, लग्न काही जमलं नाही, आणि संध्याकाळी पोरींना ज्यूदो शिकवते. आबा गेले त्याला दहा वर्षं झाली. गिरणी बंद आहे, ताटं थरथरत नाहीत, आणि त्या शांततेची सवय मला अजून नाही. माय आहे. ऐंशी उलटली, हाताच्या मुठी मिटत नाहीत नीट.

या श्रावणात भाऊ आणि त्याची मुलं रविवारी सकाळी येणार होती. शनिवारी मूठ काढायला घरात पुरुष नव्हता. माय म्हणाली, तूच काढ, माझा हात चालत नाही. मी सुपापुढे बसले. भाऊची मूठ, भाच्याची मूठ. आणि काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेले की माय, त्या वर्षी रोटाने काही झालं नव्हतं, गिरणीचा काटा हलका होता. आबांना दिलेला शब्द मी मोडला, ते नाहीत म्हणून.

ती भिंतीला टेकून वाती वळत होती. वळतच राहिली. "काटा हलका शे हाई माले लगीन व्हयनं तवयपासून माहीत," ती म्हणाली. "तू त्यावर उभी ऱ्हास, हाई माले मांगून समजनं. धुळाहून ऊनी त्या दिवशी."

मला आधी कळेना. मग कळलं आणि राग आला, या वयात येतो तसा, गुडघ्यांतून. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. तरी तिने रोटाचं नाव घेतलं, देवीचं घेतलं, आणि ते खरं वाटावं म्हणून माझी मूठ बंद केली. तीस वर्षं. मी तिला हे सगळं म्हणाले, आवाज चढवून.

"त्यास्ले गिरनीमा बसनं पडे, गावना तोंडसमोर," माय म्हणाली. "माले काय, मी ते घरमाच व्हतु."

एवढंच. जणू दोघांत एकच ओझं होतं आणि ज्याला बाहेर जायचं नव्हतं त्याने ते उचललं. त्यात माझी मूठ गेली हे तिला कळलं नव्हतं असं नाही. ती ते धरूनच चालली होती.  आणि मग, एवढा आरडाओरडा केल्यावर, मला माझं सांगणं भाग होतं. मी सांगितलं. रजिया कात्री घेऊन उभी होती, शंभर ग्रॅम उरले होते, आणि मी वेणी सोडवून घेतली. काट्याने नाही, रोटाने नाही, मीच.

मायने वात खाली ठेवली. माझे केस आता मानेपर्यंत आहेत, पांढरे, मीच कापते. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"केस बी मीच वाढाडेल व्हतात," ती म्हणाली, आणि पुढची वात वळायला घेतली.

मी सुपाकडे वळले. सव्वा मूठ गहू घेतला आणि स्वतःचं नाव तोंडाने म्हटलं, मायला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. ती नाही म्हणाली नाही.